महाधमनीच्या फाटीवर छाती न उघडता उपचार: आत्ताच स्टेंट की थांबायचं?

निपाणीचा_भाचा (धागाकर्ता), सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचक असतो, आज गरज पडली म्हणून लिहायलोय.

थोरले मामा, वय ५८, राहणार निपाणी. उभी हयात तंबाखूच्या वखारीवर गेली. बीपीची गोळी आहे, खरं आठवण झाली तर घेतात. गेल्या आठवड्यात पहाटे दोन खांद्यांच्या मधोमध पाठीत अशी कळ आली की माणूस जमिनीवर लोळला. वरचं बीपी २०० च्या पुढं, ईसीजीत विशेष काही नाही. बेळगावला आणलं, सीटी अँजिओ झाला आणि कळलं: टाइप बी अओर्टिक डिसेक्शन. महाधमनी आतून फाटलीय.

डॉक्टरांचं म्हणणं असं. डाव्या हाताला जाणारी धमनी जिथं फुटते त्याच्या पुढं फाट आहे. किडन्या, आतडी, पाय, सगळीकडं रक्त पोचतंय. म्हणून आता आयसीयूत बीपी खाली धरायचं आणि थांबायचं. जांघेतून कापडी स्टेंट घालायचा एक मार्ग आहे, टेव्हार म्हणतात त्याला, त्याचं पुढं बघू.

घरात तीन तट पडलेत. पुण्याचे धाकटे मामा म्हणतात आत्ताच स्टेंट घालून मोकळे व्हा. मामी म्हणतात कसलीच चिरफाड नको. आमचे बाबा म्हणतात, डॉक्टर थांबा म्हणतात म्हणजे त्यांना जमत नाही, मुंबईला हलवा. कुणाला यातला अनुभव आहे का?

---

तिसरं_गेट, सोमवार रात्री ९:५२

अँजिओप्लास्टीच ना ही? आमच्या सासऱ्यांना दोन स्टेंट आहेत, तिसऱ्या दिवशी खडेबाजारात फिरायला लागले. एवढं काय घाबरायचं.

---

भूल_देणारी, सोमवार रात्री १०:३०

@तिसरं_गेट, नाही हो. सासऱ्यांच्या स्टेंटची रुंदी तीन-चार मिलिमीटर असते आणि तो तुंबलेली नळी उघडायला घालतात. इथं नळी तुंबलेली नाही, आतून फाटलीय.

महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. कोट घालताना फाटक्या अस्तरातून हात बाहीऐवजी अस्तर आणि कापडाच्या मध्ये घुसतो ना, तसं रक्त आतला थर फाडून भिंतीतच शिरतं आणि पुढं पुढं फाडत जातं. मग दोन वाटा तयार होतात, एक खरी, एक खोटी. खोटी फुगली की खरी चेपते. चेपलेल्या वाटेवरून किडनीला किंवा पायाला जाणारं रक्त अडलं की पंचाईत. खोटीची बाहेरची भिंत पातळ असते, ती फुटली तर बोलायलाच नको.

फाट कुठं आहे यावर सगळं अवलंबून. हृदयातून वर चढणाऱ्या भागात असेल तर टाइप ए, त्याला आजही छाती उघडूनच ऑपरेशन, तेही तातडीनं. उपचार नाही मिळाले तर पहिल्या ४८ तासांत दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी चढतो असं आम्हाला शिकवलंय. वरचा भाग शाबूत असेल तर टाइप बी. तुमच्या मामांचं हे दुसरं.

थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे. आयसीयूत लॅबेटलॉल किंवा एस्मोलॉलचं ड्रिप चालू असणार. आधी नाडी ६० च्या खाली, मग वरचं बीपी १०० ते १२० मध्ये. क्रमही असाच. नाडी न उतरवता नुसतं बीपी पाडलं तर हृदय जोरात ठोके मारतं आणि फाट वाढते. दुखणं थांबवणं हाही उपचारच आहे, कारण दुखलं की बीपी चढतं.

बाबांना सांगा, या अवस्थेत मुंबईचा प्रवास हीच मोठी जोखीम आहे. त्यांना मत हवं असेल तर सीटीची सीडी मुंबईला जाऊ दे, मामा नकोत.

---

कुंदा_एके_कुंदा, सोमवार रात्री १०:४१

ताई, तुमचा आयडी बघून दर वेळी वाटतं कुणीतरी हातचलाखी करून लुबाडायला आलंय. :)

---

भूल_देणारी, सोमवार रात्री १०:४४

लुबाडतात ते बिलिंगवाले. मी फक्त झोपवते.

---

खानापूरकर, मंगळवार सकाळी ७:१५

टाइप ए चं सांगतो, आमच्या घरात झालंय.

थोरल्या भावाला उसाच्या फडात छातीत कळ आली. गावातल्या दवाखान्यात गॅस म्हणून इंजेक्शन दिलं. तिथून बेळगावात आणलं, तर एका ठिकाणी हार्ट अ‍ॅटॅक धरून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन काढून ट्रेमध्ये ठेवलं होतं. ठिकाण सांगत नाही, विचारू नका. तेवढ्यात एका शिकाऊ डॉक्टर पोरीनं दोन्ही हातांचं बीपी घेतलं. उजव्यात १७०, डाव्यात ११०. तिनं परत घेतलं. परत तेच. ती म्हणाली, थांबा, इंजेक्शन देऊ नका, आधी सीटी. वरिष्ठ तिच्यावर खेकसले, खरं तिनं सीटीचा कागद लिहूनच टाकला. ते इंजेक्शन गेलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

त्याच रात्री छाती उघडली. शरीर थंड करून रक्ताभिसरण काही वेळ थांबवतात म्हणे, फाटका भाग कापून डेक्रॉनची नळी शिवतात. आमच्याकडून सह्या घेताना सर्जननी आडपडदा ठेवला नाही, वाचेलच असं नाही म्हणाले. आज भाऊ मोटर चालू करून पाणी पाजतो, छातीवर उभी रेघ आहे.

सांगायचं एवढंच, ‘चिरफाड वाईट, स्टेंट चांगला’ असं सरसकट डोक्यात घेऊ नका.

---

शिशाचा_एप्रन, मंगळवार सकाळी ८:०५

खानापूरकर, त्या पोरीला कुंद्याचा डबा पोचवला का नाही?

कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे, कुठल्या ते राहू दे, नोकरी आहे. टेव्हार कसं करतात ते जवळून बघितलंय म्हणून सांगतो.

कापडी नळी असते, पॉलिएस्टरची किंवा पीटीएफईची. तिला निटिनॉलच्या तारेची नागमोडी कडी शिवलेली असतात. निटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियम, दाबून मिटवलं तरी सोडल्यावर शरीराच्या उबेत आपल्या मूळ आकाराला येतं. मिटलेला सगळा ऐवज सात-आठ मिलिमीटर जाडीच्या नळीत बसवून येतो. ती नळी जांघेतल्या धमनीतून तारेवरून वर सरकवायची. आत उघडल्यावर स्टेंट तीस-चाळीस मिलिमीटर रुंद होतो. माप आधीच सीटीवरून काढलेलं असतं. डिसेक्शनमध्ये माप फार मोठं घेत नाहीत आणि फुग्यानं दाबून बसवायचं टाळतात, कारण आतला पडदा नाजूक असतो, तो नव्यानं फाटायला वेळ लागत नाही.

तार नेमकी खऱ्या वाटेत आहे का, यातच निम्मा जीव असतो. खोट्या वाटेत स्टेंट उघडला तर संपलं. अन्ननलिकेतून सोनोग्राफीची नळी घालून बघतात, डाय (एक्स-रेत रक्ताची वाट दाखवणारं औषध) मारून बघतात, परत बघतात. उघडायच्या क्षणी भूलवाल्या ताई बीपी मुद्दाम खाली आणतात, नाहीतर रक्ताच्या लोटानं कापड पुढं ढकललं जातं. त्या वेळी खोलीत एसीचा आवाज तेवढा ऐकू येतो. मग परत डाय. फाटीतून भिंतीत जाणारी काळी धार दिसायची थांबली, की सर्जन पहिल्यांदा खुर्ची मागतात.

जांघेत एकतर छोटा छेद किंवा नुसतं टोचलेलं. माणूस बहुधा दुसऱ्या दिवशी उठून बसतो.

---

दवाखान्याला_रामराम, मंगळवार सकाळी ९:३०

एवढं सोपं आहे तर थांबा कशाला म्हणायलेत? आणि सोपं नसेल तर घाला कशाला म्हणणार? स्टेंट काही लाखांचा येतो. आज बीपी बीपी म्हणतील, महिन्याभरानं बिल वाढलं की हळूच स्टेंट काढतील बाहेर. बघितलेत असले धंदे.

---

शहापूरची_सून, मंगळवार सकाळी १०:१०

@दवाखान्याला_रामराम, थांबा म्हटलं तर जमत नाही, घाला म्हटलं तर धंदा. डॉक्टरांनी करायचं काय?

आमच्या सासऱ्यांचंही टाइप बीच होतं. पहिल्या दिवशी थांबायचंच ठरलं होतं. रात्री मी पाय चेपायला बसले तर डावा पाय गार लागला, उजवा उबदार. सिस्टरला बोलावलं, तिनं पावलावर नाडी शोधली, मिळेना. पोट पण दुखायला लागलं होतं. मग मात्र पहाटेच टेव्हार केला, कुणी पैशाचं नाव काढलं नाही तेव्हा. डाव्या हाताची धमनी फाटीच्या अगदी जवळ होती, स्टेंट धड बसायला दोनेक सेंटिमीटर चांगली भिंत लागते म्हणे. त्यामुळं त्या धमनीचं तोंड कापडाखाली जाणार होतं. म्हणून आधी हासळीच्या हाडावर छेद घेऊन मानेतल्या धमनीतून हाताला वेगळी जोडणी दिली. म्हणजे बिनचिऱ्याचं म्हणता म्हणता एक चिरा पडलाच.

पाय वाचला. किडनीला मात्र फटका बसला होता, काही दिवस डायलिसिस लागलं, नंतर सुटलं.

भाच्यानं लक्ष ठेवायचं ते यावर: पाय गार पडणं, पोटात दुखणं, लघवी कमी होणं, बीपी आटोक्यात असूनही पाठ परत दुखायला लागणं. यातलं काही दिसलं की सिस्टरच्या मागं लागायचं. लाजायचं नाही.

---

भूल_देणारी, मंगळवार दुपारी २:२०

शहापूरच्या सूनबाईंनी सांगितलं ते शंभर टक्के. त्याला आम्ही गुंतागुंतीचं टाइप बी म्हणतो आणि तिथं टेव्हारला पर्याय शोधत बसायचा नसतो. पूर्वी अशा लोकांची डावी बरगडी उघडून ऑपरेशन व्हायचं, त्यात खूप लोक जायचे.

गुंतागुंत नसेल तर काय, हा खरा वादाचा मुद्दा, आणि मामांचा प्रश्नही तोच. इन्स्टेड नावाची युरोपातली चाचणी होती, १४० रुग्णांची. निम्म्यांना नुसती औषधं, निम्म्यांना औषधं आणि स्टेंट. दोन वर्षांचे निष्कर्ष २००९ मध्ये आले, जगण्यात फरक नव्हता. तेव्हा सगळे म्हणाले, मग कशाला घाला. त्याच लोकांचा पाच वर्षांचा हिशेब २०१३ मध्ये आला. महाधमनीमुळे झालेले मृत्यू स्टेंटवाल्यांत ६.९ टक्के, नुसत्या औषधवाल्यांत १९.३ टक्के. एकूण मृत्यूंतला फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. म्हणजे स्टेंटचा फायदा दिसतो, पण उशिरा, आणि सगळ्यांना सारखा नाही.

म्हणून आता सीटीत काही गोष्टी बघतात. महाधमनी ४० मिलिमीटरपेक्षा रुंद आहे का, खोटी वाट २२ च्या वर गेलीय का, फाटीचं तोंड केवढं आहे, बीपी तीन-चार औषधांनाही दाद देत नाही का. असं काही असेल तर स्टेंटकडं कल जातो. वेळ साधारण दोन आठवडे ते तीन महिने यातली पसंत करतात. अगदी पहिल्या दिवसांत पडदा इतका ओला आणि कच्चा असतो की स्टेंटच्या टोकानं फाट उलटी वर चढून टाइप ए होऊ शकतो. फार उशीर केला तर पडदा राठ होतो, मग खरी वाट पूर्ण उघडत नाही.

तेव्हा तुमचे डॉक्टर ‘पुढं बघू’ म्हणाले यात मला काही वावगं दिसत नाही. त्यांना एवढंच विचारा: पुढची सीटी कधी, आणि त्यात काय दिसलं तर स्टेंट घालणार?

---

पोथी_पारायण, मंगळवार दुपारी ४:०२

थोडं अवांतर. डॉ. मायकेल डिबेकी या रोगावरच्या ऑपरेशनचे आद्य पुरुष, फाटीचं एक वर्गीकरण त्यांच्याच नावानं आहे. ३१ डिसेंबर २००५ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांना स्वतःलाच डिसेक्शन झालं. आपल्याला काय झालंय ते त्यांनी दुखण्यावरूनच ओळखलं. आधी ऑपरेशनला नकार, मग फेब्रुवारी २००६ मध्ये ह्यूस्टनला त्यांच्याच तालमीतल्या मंडळींनी ऑपरेशन केलं. पुढं २००८ मध्ये ९९ व्या वर्षी गेले.

आणि इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० साली सकाळी शौचकूपातच कोसळला. शवविच्छेदनात महाधमनी फाटलेली सापडली.

जांघेतून कापडी स्टेंट घालायची कल्पना काही फार जुनी नाही. खारकीव्हमध्ये व्होलोडोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत घातला, ब्यूनॉस आयर्समध्ये पारोदींनी १९९० मध्ये पोटातल्या. डिसेक्शनसाठी मात्र १९९९ उजाडलं. अमेरिकेतले डेक आणि जर्मनीतले नीनाबर, दोघांचे लेख एकाच नियतकालिकात आले.

---

तिसरं_गेट, मंगळवार दुपारी ४:१०

राजा सुद्धा संडासात. सकाळी कुंथू नका रे पोरांनो.

---

भूल_देणारी, मंगळवार दुपारी ४:३१

हसण्यावारी नेऊ नका, आयसीयूत आम्ही पोट साफ होण्याचं औषध त्याचसाठी देतो.

---

वैद्य_आजोबांचा_नातू, मंगळवार सायं. ६:४५

अर्जुनसालीचा काढा आणि अनशापोटी लसणाच्या चार पाकळ्या. धमन्या लवचिक होतात. आमच्या आजोबांनी भल्याभल्यांचे बीपी उतरवलेत. स्टेंट वगैरे काही लागत नाही.

---

खानापूरकर, मंगळवार सायं. ६:५८

फाटलेली धमनी लसणानं शिवतात होय?

---

संपादक, मंगळवार सायं. ७:०५

आयसीयूतल्या रुग्णाला इथं औषध सुचवू नये. वरचा काढ्याचा प्रतिसाद लोकांना संदर्भ लागावा म्हणून ठेवलाय, त्यावर अमल करू नये.

---

हद्दीवरचा, मंगळवार रात्री ८:२०

पैशाचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो.

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं, असेल तर पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. साधारणपणे सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, तातडीचं असेल तर सवलत. स्टेंट पॅकेजमध्ये कितपत बसतो आणि वरचे किती भरायचे, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या माणसाकडून, लेखी घ्या. तोंडी घेतलं की डिस्चार्जला भांडण.

शिवाय २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. निपाणी भागातली गावं त्यात आहेत. कोल्हापूर निपाणीहून चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या दुप्पट. खरं कागदपत्रं लागतात, आणि आयत्या वेळी पळापळ करायला नको म्हणून आत्ताच चौकशी करून ठेवा.

---

दवाखान्याला_रामराम, मंगळवार रात्री ८:३१

वा. गाव या राज्यात, योजना त्या राज्यात, आणि पेशंट मधे कोगनोळी नाक्यावर. त्या योजनेवर इकडच्या सरकारनं केवढा थयथयाट केला ते विसरलात काय? आजाऱ्याच्या औषधात पण राजकारण...

---

संपादक, मंगळवार रात्री ८:५०

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून तारखा पडायल्यात, अजून थोडं थांबायला हरकत नाही. इथं महाधमनीवर बोला. त्यानंतरचे चौदा प्रतिसाद तिकडं हलवलेत.

---

निवृत्त_सुभेदार, बुधवार सकाळी ६:००

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. टेव्हार झालेला माणूस मी स्वतः आहे, ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) झाला.

भूल उतरली तेव्हा पहिला प्रश्न कानावर आला, “साहेब, पायाची बोटं हलवा.” मी हलवली. परत, “टाच उचला.” उचलली. अर्ध्या तासानं परत तेच. चिडलो मी. नंतर डॉक्टरनं समजावलं की मणक्याला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या महाधमनीतूनच निघतात, कापडाखाली त्या झाकल्या गेल्या तर पाय लुळे पडू शकतात. धोका थोड्या टक्क्यांचा, तरी आहे. माझा स्टेंट लांब होता म्हणून पाठीच्या मणक्यात आधीच एक बारीक नळी घालून पाणी काढायची सोय केली होती. सहीच्या कागदावर हे सगळं लिहिलेलं असतं. वाचून सही करावी.

घरी आल्यावर लोक म्हणाले, आता काय, स्टेंट बसला, गोळ्या बंद. अजिबात नाही. स्टेंटनं फाटीचं तोंड झाकलं, पोटाकडची खालची फाट तशीच आहे. गोळ्या जन्मभर. सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहितो. वजन उचलणं बंद. सीटी पहिल्या महिन्यात, सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि आता दर वर्षी. मामांना शिस्त लागणार असेल तरच स्टेंटचा उपयोग.

---

शिशाचा_एप्रन, बुधवार सकाळी ८:४०

सुभेदारसाहेब, सलाम. दर वर्षीची सीटी लोक चुकवतात हेच मोठं दुखणं. कापडाच्या कडेनं रक्त परत खोट्या वाटेत झिरपू शकतं, एंडोलीक म्हणतात त्याला. रुग्णाला काही जाणवत नाही. आमच्याकडं एकजण चार वर्षं फिरकलाच नाही, आला तेव्हा धमनी चांगलीच फुगलेली, दुसरा स्टेंट जोडावा लागला. सीटीच्या डायनं किडनीवर ताण येतो, तेव्हा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघूनच जा.

---

निपाणीचा_भाचा, पुढच्या आठवड्यात गुरुवारी रात्री ११:२०

सगळ्यांना उत्तरं दिली नाहीत, माफ करा. दवाखाना आणि घर चालू होतं.

मामांना आयसीयूतून वॉर्डात आणलं. पाठ दुखायची थांबलीय. चार प्रकारच्या गोळ्या, बीपी ११० ते १२० च्या आसपास. ताईंनी सांगितलेले प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डॉक्टर कागद बघून हसले, म्हणाले कुणी पढवून पाठवलंय? खरं नंतर स्क्रीन आमच्याकडं फिरवून सगळं दाखवलं. पहिल्या सीटीत महाधमनी ३८ मिलिमीटर होती, परवाच्या सीटीत ४२. खोटी वाट २४. म्हणून आता डिस्चार्ज देऊन काही आठवड्यांनी टेव्हार करायचं ठरलंय, मधे काही त्रास झाला तर तडक. डाव्या हाताच्या धमनीपासून फाट लांब आहे, म्हणून मानेची जोडणी बहुधा लागणार नाही.

सीडी मुंबईला पाठवली होती, तिथल्या सर्जननीही तेच सांगितलं. बाबा आता म्हणतात, मी पहिल्यापासून बेळगावच म्हणत होतो. मामींना जांघेतून घालतात हे दाखवल्यावर त्या तयार झाल्या.

बीपीएल कार्डावर मंजुरीचा अर्ज गेलाय, स्टेंटचे वरचे पैसे भरावे लागतील. कोल्हापूरचंही विचारून बघितलं, खरं मामांचे कागद अर्धेच निघाले.

आता अडचण वेगळीच. बरं वाटायला लागल्यावर मामांनी वॉर्डबॉयकडं तंबाखूची पुडी मागितली.

---

कुंदा_एके_कुंदा, गुरुवार रात्री ११:३४

निपाणीच्या माणसाकडून आणि काय अपेक्षा. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवून बसलेलं गाव आहे ते, एका पुडीसाठी वॉर्डबॉय म्हणजे किरकोळ.

---

भूल_देणारी, शुक्रवार सकाळी ७:५०

निर्णय रास्त वाटतो. तंबाखूबद्दल कडक राहा, ओढा किंवा चघळा, निकोटिननं बीपी आणि नाडी दोन्ही चढतात.

आणखी दोन गोष्टी, नंतर राहून जातात म्हणून. एक, यापुढं कुठल्याही डॉक्टरकडं खोकला-लघवीच्या जंतुसंसर्गासाठी गेलात तरी डिसेक्शनचा कागद दाखवायचा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स अशा माणसांना शक्यतो देत नाहीत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०१८ मध्ये तसा इशारा दिलाय. आपल्याकडं ही औषधं मेडिकलवाला चिठ्ठीशिवायही काढून देतो, म्हणून सांगतेय.

दुसरं, मामांच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी एकदा इको करून घ्यावा, बीपी मोजावं. काही घरांत महाधमनीची भिंत जन्मतःच कमकुवत असते, काहींच्या हृदयातल्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. कुणी फार उंच, लांबसडक बोटांचं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

---

तिसरं_गेट, शुक्रवार सकाळी ८:१५

ताई, वखारीवर पोती उचलायचं काम जमेल का नंतर? आमच्या ओळखीत एकाला विचारायचंय.

---

भूल_देणारी, शुक्रवार सकाळी ८:२२

पोती नाहीत. दम कोंडून जोर लावायची कुठलीच कामं नाहीत. चालावं, हिशेबाच्या टेबलाशी बसावं.

---

निपाणीचा_भाचा, शुक्रवार दुपारी १:०५

मालक हिशेबाला बसवायला तयार आहेत, बोललोय. मामांची दोन्ही मुलं आणि आमची आई सोमवारी इको करायला जातील. धाकटे मामा तेवढे म्हणतात, मला काय धाड भरलीय. मागच्या दिवाळीत मोजलं तेव्हा १६० होतं त्यांचं.

---

निवृत्त_सुभेदार, शुक्रवार दुपारी १:११

त्यांचा फोन नंबर खाजगी निरोपात पाठवा.